चिंचेच्या झाडाचा निकाल

विमल गेल्याचा फोन मला स्वरूपानं केला. "अक्का, विमलक्का गेली..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. मंचिर्यालच्या आमच्या स्वयंपाकघरात मी कणीक तिंबत होते, फोन कान आणि खांदा यांच्यामध्ये धरलेला. खरं सांगायचं तर दुःख नंतर आलं. आधी आला तो राग. हिला माझ्या आधी कळलं कसं? विमल माझी मैत्रीण. तामसीच्या शाळेपासूनची. आणि तिच्या जाण्याची बातमी मला द्यावी कोणी, तर आदिलाबादला मी रिकाम्या केलेल्या घरात येऊन राहिलेल्या बाईनं! मी विचारलंसुद्धा, "तू होतीस का जवळ?" ती म्हणाली, "होते अक्का. हात माझ्या हातात होता." मी फोन ठेवून दिला. घरच्यांना वाटलं, शकूला मोठा धक्का बसला. बसला होताच. पण त्या धक्क्यात काय काय मिसळलेलं होतं ते माझं मला माहीत.

त्याला आता काही आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल गोड लिहायची आपल्याकडे रीत आहे. मला ते जमणार नाही, कारण विमलला गोडाची फारशी आवड नव्हती, आणि माझ्या पोटातली आग अजून विझलेली नाही. विमल कोणाची, हा प्रश्न म्हाताऱ्या होत आलेल्या बायकांनी विचारायचा नसतो म्हणे. मी विचारते आहे. तिच्या हयातीत तिला तोंडावर विचारायची सोय नव्हती, ती हसली असती.

आम्ही दोघी तामसीहून आदिलाबादच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात बसनं जायचो. विमल धावत पुढे जाऊन खिडकीजवळची जागा पकडायची आणि शेजारच्या जागेवर दप्तर टाकून माझ्यासाठी ती राखायची. कंडक्टर ओरडला तरी दप्तर हलायचं नाही. एकदा मी चढले तर माझ्या जागेवर दुसऱ्याच वर्गातली एक मुलगी बसलेली. तिला ताप होता म्हणे. मी आदिलाबादेपर्यंत उभी राहिले आणि विमलशी बोलणं टाकलं. विमलनं ना माफी मागितली, ना समजूत घातली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिनं माझ्यासमोर डबा ठेवला. तिच्या आईच्या हातच्या ज्वारीच्या कण्या, वर अंबाडीची आंबटढाण भाजी आणि कच्च्या तेलाची धार. म्हणाली, "खाय ना वं. तुले राग नाही आला, भूक लागली तुले." मी खाल्लं, आणि राग गेला. पुढे आयुष्यभर मी रुसले की हाच डबा यायचा, आणि दर वेळी हेच वाक्य. तिच्या मते जगात राग असा नव्हताच. नुसती भूक होती, तिला लोक वेगवेगळी नावं देत होते.

लग्न होऊन दोघी आदिलाबादेतच आलो, तीही एकाच गल्लीत. तिच्या नवऱ्याचं, रामरावभाऊजींचं, किराणा दुकान होतं, दुकानामागे घर. आमचे हे तहसिलीत कारकून, आणि दोन दारं सोडून आमचं भाड्याचं घर. भाऊजी पुड्या बांधायला रद्दी आणायचे ती पांढरकवड्याहून, नदीच्या पलीकडून. तिकडे त्यांच्या मेव्हण्याचं दुकान होतं, येताना जीपमध्ये पोती टाकून आणत. इथे तेलुगू पेपरांची रद्दी हवी तेवढी मिळायची, पण विमलनं हट्टच धरला होता की आपल्या दुकानात पुडी मराठी कागदाचीच. त्याचं कारण भाऊजींना फार उशिरा कळलं. पोतं आलं की ते ती आधी मागच्या खोलीत ओतायची आणि त्यातून पुस्तकं बाजूला काढायची. पलीकडचं कुठलंसं बंद पडलेलं वाचनालय असंच किलोच्या भावानं आमच्याकडे थोडं थोडं येत राहिलं. कव्हर नसलेल्या, वाळवीनं कोरलेल्या, नाव-गाव नसलेल्या कादंबऱ्या. काहींना शेवट नसे, कारण विमलचा हात पोहोचायच्या आत भाऊजींचा पोहोचलेला असायचा आणि त्यांना पुस्तक मागून फाडायची सवय होती. मागची पानं कामाची नसतात असं त्यांचं मत. कितीतरी नायिकांचं पुढे काय झालं ते आदिलाबादेतल्या लोकांनी मोहरीबरोबर घरी नेलं.

अशाच एका पोत्यात वर्तमानपत्राच्या एका पुरवणीचं पान निघालं. त्यात कोणीतरी लिहिलं होतं की अमुक कादंबरी वाचताना अमुक पदार्थ घरी रांधावा, आणि बरोबर अमुक कॉकटेल करून घ्यावं. पदार्थ आणि पेय दोन्ही परदेशी, नावं वाचताना जीभ अडखळायची. मी हसून पान ठेवून दिलं. विमल मात्र ते पुन्हापुन्हा वाचत बसली. मग म्हणाली, "काऊन वं, आपल्याले नाही जमत काय हे? लिंबू हाय, गूळ हाय, यायची बाटलीबी हाय." भाऊजींची ब्रँडीची बाटली ज्वारीच्या पोत्यामागे असे, आणि ती तिथे आहे हे घरात कोणाला माहीत नाही अशी त्यांची समजूत होती.

पहिली कादंबरी मला स्पष्ट आठवते. एक नावाडी आयुष्यभर नदीच्या या तीरावरून त्या तीराला वऱ्हाडं पोचवतो, आणि एकदाही त्याला पंगतीला कोणी बोलावत नाही. मी म्हटलं, नदीची गोष्ट आहे तर मासे करू. विमल म्हणाली, "मासे तं तो रोज खाते. त्याले काय नाही भेटलं ते कर ना." आणि तिनं पंगतीचा स्वयंपाक केला. लग्नातली रश्शाची वांग्याची भाजी, घट्ट वरण, पुऱ्या, बुंदी. तेही पत्रावळीवर, आणि मला आग्रह करकरून वाढलं. ग्लास मात्र नावाड्यासाठी नव्हता. त्या कादंबरीत एक नवरी असते, तिला पलीकडे जायचंच नसतं, पण नाव तीराला लागेपर्यंत तिच्या तोंडून शब्द निघत नाही. तिच्या नावानं विमलनं कैरीचं पन्हं केलं, त्यात काळं मीठ, एक हिरवी मिरची ठेचून, आणि ब्रँडीची दोन झाकणं. पहिल्या घोटाला मला ठसका लागला. विमल म्हणाली, "बरोबर झालं. तिच्या गळ्यातबी असंच अडकलं होतं."

तिथून तो रिवाजच पडला. पुस्तकात ज्याला कोणी जेवू घातलं नाही त्याच्यासाठी रांधायचं, आणि ज्याच्या तोंडून शब्द फुटला नाही त्याच्या नावानं ग्लास भरायचा. शेवटाची पानं नसतील तर शेवट जेवता जेवता आपण ठरवायचा. रविवारी दुपारी दुकान बंद करून भाऊजी आडवे झाले की आमची बैठक बसायची. ग्लास दोनच होते. जाड काचेचे, थोडे हिरवट, अंगावर द्राक्षांचा वेल उमटवलेले. विमलला तिच्या आईनं दिलेले. एक तिचा आणि एक माझा. माझ्या ग्लासाच्या बुडाशी एक बुडबुडा अडकलेला होता, त्यावरून ओळखायचा. त्या ग्लासातून दुसऱ्या कोणी पाणी प्यायलेलंही मला चालत नसे. भाऊजींना बाटलीतली पातळी घटलेली दिसायची. "माह्या बाटलीतलं उडून काऊन राह्यलं?" असं ते एकदा म्हणाले तर विमलनं उन्हाळ्यावर ढकललं. पुढे त्यांना कळलं, तेव्हा चिडले नाहीत. आणताना थोडी मोठी बाटली आणू लागले, आणि "तुमचं काकटेल झालं काय?" असं आतूनच विचारू लागले.

एका रहस्यकथेत विमलनं प्रेतालाच उपाशी ठरवलं, कारण बिचाऱ्याचा खून जेवायला बसता बसता झाला होता, आणि त्याच्या ताटातलं काय राहिलं असेल याचा विचार करून पाटोडीचा रस्सा केला. एका प्रेमकथेत सगळी माणसं इतकी बोलत होती की ग्लास कोणाच्या नावानं भरावा ते कळेना. त्या रविवारी ग्लास कोरडेच राहिले आणि भाऊजी खूश झाले. मी नेहमी नायिकेला उपाशी धरायचे. विमल शोधायची भलत्याच कोणाला तरी, बैलगाडीवाल्याला, सवतीला, एकदा तर राखणीच्या कुत्र्याला. आणि तिनं नाव घेतलं की मलाही वाटायचं, खरंच की, हा उपाशी राहिला आणि आपण त्याच्या अंगावरून पानं उलटत पुढे गेलो. हे तिला कसं दिसायचं? पुस्तक तेच, पानं तीच. मला तिचा हेवा वाटायचा, आणि हेवा वाटतो म्हणून तिच्याजवळच बसावंसं वाटायचं. घराघरांत दोघींना मिळून वेड्या समजत. त्या "मिळून" शब्दात माझं सगळं सुख होतं.

मग तेलुगू राज्याची दोन झाली, आमचं राज्य वेगळं झालं. दुकानांच्या पाट्या बदलल्या, गाड्यांचे नंबर बदलले. आमच्यासारख्या सीमेवरच्या मराठी माणसांना वाटण्या नव्या नाहीत. आजोबांच्या काळात भाषेवरून राज्यं झाली तेव्हा किनवट-राजुरा तिकडे, मराठी मुलखात गेले आणि आम्ही इकडे राहिलो, हे ऐकतच मोठ्या झालो. राज्य बदललं तरी आमचा रविवार तोच राहिला. मला वाटलं, वाटण्या संपल्या. पण कसलं काय, लवकरच बोलवा उठली की आता जिल्ह्याचेही तुकडे होणार.

त्याच सुमाराला पोत्यातून चिंचेची कादंबरी निघाली. दोन सख्ख्या जावा. शेताची वाटणी होते आणि चिंचेचं झाड नेमकं बांधावर येतं. थोरली म्हणते माझं, धाकटी म्हणते माझं. कज्जा वर्षानुवर्षं चालतो. दोघी पहाटे उठून आपापल्या बाजूला पडलेल्या चिंचा वेचतात आणि एकमेकींकडे बघत नाहीत. शेवटी निकाल वाचायला मुन्सफ उभा राहतो, चष्मा पुसतो... आणि पुस्तक संपतं. पुढचं सगळं भाऊजींनी फाडलेलं. आमची कधी झाली नाही एवढी वादावादी या कादंबरीवरून झाली. मी म्हणत होते, झाड थोरलीचं, तिनं लग्न होऊन आल्यापासून त्याला पाहिलंय, पहिला हक्क तिचा. विमल नुसती ऐकून घ्यायची. उपाशी कोण ते ठरेना, ग्लास कोणाचा तेही ठरेना. "थांब जरा," ती म्हणायची. "हे पुस्तक घाईचं नाही."

आणि दसऱ्याला जिल्ह्याचे चार झाले. ऑफिसातली माणसं वाटली गेली. आमच्या ह्यांची आर्डर मंचिर्यालची निघाली. सामान बांधायला वेळही धड मिळाला नाही. निघायच्या आदल्या दिवशी विमल आमच्या रिकाम्या घरात आली, उघड्या ओट्याला टेकून उभी राहिली. मी म्हटलं, "चिंचेचं राहिलं आपलं." ती म्हणाली, "राहू दे. तू आल्याबिगर ते नाही करत मी. तुह्या हाताखाली चिंच कोळायची हाय मले." हे तिनं मला दिलेलं वचन. उटनूरच्या जंगलातून बस जात होती तेव्हा सबंध रस्ताभर मी तेच घोळवत होते. जिल्हा तुटला तर तुटला, आपलं पुस्तक कोणी वाटून घेतलं नाही.

तर आमच्या ह्यांच्या जागी मंचिर्यालकडून जे आले त्यांनी घरही आमचंच भाड्यानं घेतलं. स्वरूपा ही त्यांची बायको. माझाच ओटा, माझीच खिडकी, तुळसही मीच लावलेली. दिवाळीला मी आदिलाबादला गेले. विमलच्या मागच्या खोलीत शिरले तर भिंतीला टेकून माझ्या जागेवर स्वरूपा बसलेली, डोळे मोठे करून ऐकते आहे, आणि विमल तिला कादंबरी वाचून दाखवते आहे. एक वाक्य मराठीतून, मग तेच तेलुगूत. दुकानातलं तेलुगू, भाव सांगायचं नि उधारी मागायचं. त्या तेलुगूत तिनं अख्खा विरह सांगितला आणि स्वरूपाच्या डोळ्यांत पाणी आलं. मला विमलनं कधी एक पान वाचून दाखवलं नव्हतं. मला वाचता येत होतं हाच माझा गुन्हा! स्वरूपानं लगबगीनं उठून जागा दिली, "बसा अक्का, तुम्ही बसा." सर्वपिंडी करून आणली होती तिनं, तांदळाच्या पिठाची, शेंगदाणे घातलेली, कडा कुरकुरीत. ती उत्तम झाली होती. तेही मला सहन झालं नाही.

त्यानंतर एकदा न कळवता गेले. दारातूनच मला वास आला... चिंच, गूळ, भाजलेलं जिरं. मागच्या खोलीत विमल ढवळते आहे आणि स्वरूपा स्टीलच्या पेल्यातून घोट घेते आहे. मी पिशवीही खाली ठेवली नाही. "चिंचेचं झालं वाटतं तुमचं?" एवढं म्हणाले. विमल म्हणाली, "बैस तं खरी." मी बसले नाही. जाऊन बसस्टँडवर बसले. थोड्या वेळानं भाऊजी सायकलवर आले, हातात डबा. "तुम्हाले भूक लागली म्हणते ती," ते म्हणाले. डब्यात काय होतं ते कळायला मला तो उघडायची गरज नव्हती. मी तो तसाच परत पाठवला. आयुष्यात पहिल्यांदा. लोक म्हणतील, केवढ्याशा गोष्टीसाठी. मला अजूनही तसं वाटत नाही. वचन माझं होतं.

बोलणं तुटलं नाही, फोन होत राहिले. तब्येत, दुकान, सुना, भाव. पुस्तकांचा विषय दोघींनी टाळला. मग तिची किडनी बिघडली. मी भेटायला गेले, एकदा नाही, अनेकदा. पण स्वरूपा प्रत्येक वेळी तिथे. पाय चेपते आहे, औषध देते आहे, भाऊजींना चहा करते आहे. तिच्या समोर मला काही बोलता येईना. ब्रँडी तर सोडाच, विमलला पाणीसुद्धा मोजून मिळत होतं. एकदा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "वाळली वं तू. जेवत नाही काय?" स्वतःच्या अंगावर हाडं उरलेली, आणि मला विचारते!

तेरवीला गेले. पंगती उठल्यावर भाऊजींनी मला मागच्या खोलीत बोलावलं. फळीवर एकच ग्लास होता, बुडाशी बुडबुडा असलेला. तिचा स्वतःचा भाऊजींनी आपल्या खाटेजवळ ठेवला आहे, त्यातून ते गोळी घेताना पाणी पितात. "हा तुमचा हाय," ते म्हणाले आणि माझा ग्लास माझ्या हातात दिला. मला इतकं बरं वाटलं की त्या घरात, त्या दिवशी, असं बरं वाटायची लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मी ग्लास पदराखाली धरून वळले तर दारात स्वरूपा उभी. तिची नजर ग्लासावर होती. मला ती नजर ओळखू आली. इतकी वर्षं मी दुसऱ्या बाजूनं तीच नजर टाकत होते.

"मला त्यात कधी दिलं नाही, अक्का," ती म्हणाली. आता मराठी चांगलं बोलते, विमलनं शिकवलेलं. "मी येत होते ना, तर तीन भरायची. तिचा, माझा स्टीलचा, आणि तुमचा हा. तुमचा समोर ठेवायची. मग शेवटी, शकूच्या वाट्याचं वाया काऊन घालायचं म्हणून स्वतःच प्यायची. मी एक, ती दोन." तिला हसू आलं आणि रडूही. "मी विचारलं, मी घेऊ का त्यात? तर म्हणाली, तो भरलेला हाय."

मी खाली बसले. चिंचेचं विचारल्याशिवाय मला राहवेना. तेव्हा कळलं की त्या दिवशी ती नुसती चव पाहत होती. माझ्या येण्याची वाट बघत, प्रमाण जमवत होती. त्या खेपेला गूळ जास्त पडला, म्हणून तेवढं स्वरूपाला दिलं होतं. हे ऐकून मी विरघळायला हवं होतं. मी म्हटलं, "चव तरी माझ्यासमोर पाहायला काय झालं होतं?" याचं उत्तर विमलकडे मागायला हवं होतं. तिनं दिलंही असतं.

मग तिनं खरं काय ते सांगितलं. शेवटच्या दिवसांत, पडल्या पडल्या, विमलनं चिंचेच्या कादंबरीचा निकाल लावला होता. मुन्सफ चष्मा पुसून पुढे काय म्हणतो ते तिनं स्वरूपाला तोंडी सांगून ठेवलं. मला सांगायला. पण असं कुठंही, उभ्या उभ्या सांगायचं नाही. रिवाजाप्रमाणे रांधून, समोर बसवून सांगायचं. "मग सांग, काय करायचं रांधून?" मी विचारलं. माझ्या मनात तेव्हाही थोरली आणि धाकटी, कोणाला तिनं उपाशी ठरवलं असेल, हेच चाललं होतं.

"ज्वारीच्या कण्या," स्वरूपा म्हणाली. "वरून अंबाडीची भाजी, कच्चं तेल. मला शिकवलं तिनं. म्हणाली, या पुस्तकात उपाशी शकू हाय."

तामसीच्या बसमधली ती जागा, मधल्या सुट्टीतला डबा, बसस्टँडवरून मी परत पाठवलेला डबा... तो डबा तिनं तेवढी वर्षं तसाच माझ्या नावानं ठेवला होता. मग मी विचारलं, "आणि ग्लास? ग्लास कोणाचा?"

स्वरूपानं मान खाली घातली. "चिंचेचं पाणी, गूळ, जिरं, आणि दोन झाकणं," ती म्हणाली. "विमलक्का म्हणाली, ग्लास स्वरूपाचा. ती कवाच काही बोलली नाही. आणि... तुमच्या ग्लासात द्यायचा म्हणाली. तुम्ही भरून."

म्हणजे विमलनं जाता जातासुद्धा वाटणी केली! जेवण मला, माझा ग्लास हिला, आणि चिंचेच्या झाडाचा निकाल हिच्याकडे ठेवलेला. कण्या शिजणार त्या माझ्याच जुन्या ओट्यावर, पण वाढणार ही. मी ग्लास पदराखाली तसाच धरून मंचिर्यालला आले. तो समोरच्या कपाटात आहे. रोज खाली काढते, पुसते, उजेडाकडे धरून बुडबुडा बघते आणि परत ठेवते. यातून दुसरं कोणी प्यायलं तर मला कसं वाटेल, ते मला नीट ठाऊक आहे. पण कण्या खाल्ल्याला फार दिवस झाले. घरी करून पाहिल्या, तशा होत नाहीत. आणि झाड कोणाचं झालं, ते कळल्याशिवाय मला चैन पडणार नाही, हे विमलइतकं कोणाला माहीत होतं?

परवा मीच फोन केला. रविवारी येते म्हटलं. ग्लास रद्दीत गुंडाळून आणते, भरीनही मी, दोन्ही झाकणं मोजून. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवली: पिऊन झालं की ग्लास धुऊन माझ्या पिशवीत परत. तो तिथे राहणार नाही. तो माझा आहे.

"सरे, अक्का," स्वरूपा कबूल झाली. मग विमलसारखाच काही हिशेब करत असल्यासारखी म्हणाली, "पण मग दर वेळी घेऊन यावा लागेल तुम्हाला."